दांत आपले, देणें आपलें

हल्लीं बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत घराच्या उताऱ्याशेजारीं आणि मुलांच्या प्रमाणपत्रांशेजारीं आरोग्यविम्याचें पत्र जपून ठेवलेलें असतें. मुलगा पुण्यास नाहीं तर बंगळूरास नोकरीस लागला कीं त्याच्या कचेरीच्या गटविम्यांत आईवडिलांचीं नांवें चढतात, आणि त्या दिवसापासून घरांतील वडील मंडळी थोडी निर्धास्त होतात. हें निर्धास्तपण वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. आजारपणाच्या एका तडाख्यानें शेत गहाण पडल्याचीं उदाहरणें आमच्या खानदेशांत कोणास ठाऊक नाहींत? परंतु विमा आला म्हणजे देणें गेलें, अशी जी एक समजूत नकळत घरांत रुजते, ती तपासून पाहण्यासारखी आहे. इतर आजारांत ती समजूत कदाचित् वर्षानुवर्षें खपून जाईल. दांतांच्या बाबतींत ती फार लवकर उघडी पडते.

याचें कारण विम्याच्या रचनेंतच आहे. ‘मेडिक्लेम’ या नांवानें सर्वांस परिचित असलेला विमा सरकारी विमा कंपन्यांनीं १९८६ सालीं सुरू केला, तो रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रोग्यासाठीं. दंतवैद्याकडे मनुष्य सकाळीं जातो आणि तासाभरानें गालावर हात ठेवून परत येतो. रुग्णालयांत रात्र काढण्याचा प्रसंग त्याजवर सहसा येत नाहीं. म्हणून सामान्य विमापत्रांत दांतांचे उपचार बहुधा वगळलेले असतात. अपघातानें जबडा दुखावला आणि त्यासाठीं रुग्णालयांत राहावें लागलें, तर गोष्ट निराळी. १ एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ नांवाचें जें प्रमाणित विमापत्र निघालें, त्यांत रोगामुळें किंवा दुखापतीमुळें कराव्या लागणाऱ्या दंतोपचारांचा उल्लेख आहे. पण तोहि रुग्णालयांतील खर्चाच्या सदराखालीं. नोकरीच्या गटविम्यांत मात्र कांहीं मालक बाह्योपचाराचें एक जोडकलम घेतात, आणि त्यांतून दांतांसाठीं वर्षाकांठीं ठरावीक रक्कम मिळते. हें कलम नोकरीबरोबर येतें, तसें नोकरीबरोबर जातें, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं.

या बाबतींत आमच्याच घरांत जें घडलें तें वाचकांपुढें ठेवतों. कारण तसेंच इतर घरांतहि घडत असेल अशी आमची खात्री आहे.

जळगांवालगतचें असोदा हें आमचें गांव. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं याच गांवीं झाला, त्यामुळें महाराष्ट्रांतील वाचकांस तें अपरिचित नाहीं. आमचें कुटुंब एकत्र आहे. वडील बंधु आतां हयात नाहींत. थोरल्या वहिनी, आम्ही उभयतां, केळीची बाग पाहणारे धाकटे बंधु, त्यांची पत्नी, मुलगा व सून, अशी एका चुलीवर जेवणारीं माणसें. वहिनींचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. त्यांच्या कचेरीच्या गटविम्यांत वहिनींचें नांव होतें, आणि दांतांसाठीं वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतचें जोडकलमहि होतें.

गेल्या उन्हाळ्यांत वहिनींच्या दाढा ठणकूं लागल्या. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. शेवटीं एके रात्रीं गाल सुजला तेव्हां जळगांवच्या दंतवैद्यांकडे नेलें. त्यांनीं क्ष-किरणाचें चित्र काढून एका कागदावर सारा हिशेब मांडला. दोन दाढांचें रूट कॅनाल, प्रत्येकीं ४,५०० प्रमाणें ९,०००, त्यांवर दोन कॅप, प्रत्येकीं ६,००० प्रमाणें १२,०००, एक किडून मोडलेली दाढ काढण्याचे १,०००, क्ष-किरणाचे ५००, एकूण २२,५०० रुपये. विम्याची गोष्ट निघतांच ते म्हणाले, “विम्याचें तुमचें तुम्ही पाहा. कागद लागतील ते मी देईन. बिल मात्र काकूंच्या नांवें राहील.” हें बोलणें त्या वेळीं सर्वांच्या कानांवरून गेलें. ५,००० रुपये आगाऊ दिले आणि काम सुरू झालें.

मोडकी दाढ निघाली, पहिल्या दाढेचें रूट कॅनाल झालें, आणि मध्यंतरीं चिरंजीवांस अधिक पगाराची नोकरी मिळाली. जुन्या कचेरींतील त्यांचा शेवटचा दिवस उलटल्यावर दुसऱ्या दाढेचें काम झालें. दोन्ही कॅपचीं मापेंहि बनविण्यासाठीं रवाना झालीं. चिरंजीवांनीं सर्व कागद एकदम पाठविले. कांहीं दिवसांनीं त्यांच्या मोबाइलवर दोन ओळींचा संदेश आला कीं, नोकरी संपल्या दिवशींच विमा संपला असल्यामुळें मागणी नामंजूर करण्यांत येत आहे. नव्या कचेरीच्या विम्यांत पत्नी व मुलें बसत होतीं. आई बसत नव्हती.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर बैठक बसली. धाकटे बंधु म्हणाले, “डॉक्टरांना सांगावें कीं कंपनीशीं आमचें भांडण चाललें आहे, तिकडून आले कीं देऊं. तोंवर थांबायला काय झालें?” त्यांचे चिरंजीव म्हणाले, “दादानें नोकरी सोडण्याआधीं चौकशी करायला नको होती का?” पुण्याहून पुतण्याचा फोन आला, “काका, सगळें मी भरतों, पण घराच्या कर्जाचा हप्ता आहे. दोन महिने द्या.” सूट मागावी, कॅप स्वस्तांतल्या घ्याव्या, अशाहि सूचना झाल्या. प्रत्येकाच्या बोलण्यांत थोडेंबहुत तथ्य होतें. ज्यांच्या तोंडाचा हा प्रश्न त्या वहिनी आंत ताकाचें विरजण लावीत होत्या.

चार दिवसांनीं दंतवैद्यांच्या येथून विचारणा झाली कीं, काकूंनीं फोन करून येणें रद्द केलें, तें कां? वहिनींस विचारतां त्या म्हणाल्या, “आतां दुखत नाहीं. मग टोप्या कशाला घालायच्या?” त्यावर कदाचित् सर्वांचें समाधान झालेंहि असतें. पण सूनबाई आम्हांस एकीकडे म्हणाल्या, “काका, मोठ्या आई हल्लीं भाकरी वरणांत भिजवल्याशिवाय खात नाहींत. परवां सगळ्यांना बिबड्या भाजून दिल्या. स्वतः एक तुकडा घेतला नाहीं.” आम्हीं वहिनींजवळ हा विषय काढला तेव्हां त्या प्रथम हंसल्या आणि मग म्हणाल्या, “भावजी, माझ्या दोन दाढांपायीं घरांत तीन तोंडें तीन दिशांना झालीं. पोराला बोल लागला. दाढा गेल्या तरी चालतील. तुम्ही हें थांबवा.”

दंतवैद्यांकडून जी माहिती मिळाली ती येथें सांगणें अवश्य आहे. रूट कॅनाल झालेल्या दाढेंतील सडका गाभा काढून टाकलेला असतो, म्हणून ती दुखत नाहीं. परंतु ती पोखरली गेल्यामुळें ठिसूळहि झालेली असते. तिच्यावर कॅप बसविली नाहीं तर चावतां चावतां ती उभी चिरण्याचा संभव असतो, आणि तशी चिरली म्हणजे बहुधा काढूनच टाकावी लागते. म्हणजे वहिनींनीं उपचार मध्येंच सोडला असता तर झालेला खर्च वायां गेला असता आणि दाढाहि गेल्या असत्या.

आमच्या मतें ओटीवरच्या त्या बैठकींत तीन वेगवेगळे प्रश्न एकांत एक गुंतले होते. दंतवैद्यांचे पैसे कोणीं द्यावयाचे, हा पहिला. कंपनीकडून कांहीं येणें निघतें काय, हा दुसरा. आणि घरांतल्या घरांत तो भार कोणीं उचलावयाचा, हा तिसरा. हे तीन प्रश्न सुटे केले कीं भांडणास फारशी जागा उरत नाहीं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्वच्छ आहे. आपल्याकडील १८७२ च्या करारकायद्याप्रमाणें करार केवळ बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांनींच होतो असें नाहीं. तो वागण्यानेंहि होतो. दर ऐकून आपण खुर्चींत बसलों, तोंड उघडलें, दंतवैद्यांनीं काम केलें, कीं त्या कामाचें मोल देण्याची जबाबदारी आपली झाली. विम्याचा करार हा निराळा. तो आपल्यांत आणि कंपनींत, किंवा गटविमा असल्यास मालकांत आणि कंपनींत. दंतवैद्यांची त्यावर सही नसते. रुग्णालयांतील रोकडविरहित व्यवहारामुळें हा भेद झांकला जातो, कारण पैसे परस्पर दिले जातात. पण तेथेंहि कंपनीनें जें वगळलें तें रोग्यासच भरावें लागतें. आणि या गोष्टीस दुसरी बाजूहि आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं व्ही. पी. शांता यांच्या गाजलेल्या खटल्यांत वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेंत आणली, आणि विमा कंपनीनें खर्च भरला तरी रोगी हा ग्राहकच राहतो असें सांगितलें. काम वाईट झालें तर जाब विचारण्याचा हक्क जसा आपला, तसें कामाचें देणेंहि आपलें.

दंतवैद्यांच्या बिलांतील सारा पैसा त्यांच्या खिशांत जातो असेंहि नाहीं. कॅप बहुधा ते स्वतः बनवीत नाहींत. माप घेऊन दंतप्रयोगशाळेकडे पाठवितात आणि तेथील कारागिरांचे पैसे त्यांना चुकते करावे लागतात. आपल्या कंपनीवरील राग त्यांच्या बिलावर काढणें म्हणजे तो शेवटीं त्या कारागिरावर काढणें होय. मात्र देणें आपलें म्हणून मागतील तें द्यावें, असा याचा अर्थ नव्हे. बिल तपशीलवार मागावें. आधीं सांगितलेल्या आंकड्याहून अधिक झालें तर कारण विचारावें. आणि “विम्यांत सगळें बसेल, तुम्ही काळजी करूं नका” असें दंतवैद्यांनींच आश्वासन दिलें असेल तर त्या शब्दाची त्यांना आठवण अवश्य द्यावी. आमच्या बाबतींत त्यांनीं पहिल्याच दिवशीं खरें तें सांगितलें होतें.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर घराच्या वहींत होतें. धाकट्या बंधूंच्या गुडघ्याचा खर्च वहींत औषधपाण्याच्या सदरांत पडला होता. आमच्या डोळ्यांचा मोतीबिंदु तेथेंच पडला होता. मग वहिनींच्या दाढा तेवढ्या पुतण्याच्या नोकरीच्या सदरांत कां पडाव्या? विम्याचें कलम होतें तोंवर घराचा खर्च वांचला. तें गेलें तेव्हां खर्च जेथला तेथें परत आला, एवढेंच. हें म्हणणें धाकट्या बंधूंनींच आधीं उचलून धरलें, याचें आम्हांस समाधान वाटलें. उरलेल्या १७,५०० पैकीं ९,५०० रुपये लगेच आणि ८,००० केळीचे पैसे आल्यावर द्यावे, हें दंतवैद्यांनीं आनंदानें मान्य केलें. सूनबाई स्वतः वहिनींस घेऊन गेल्या आणि दोन्ही कॅप बसल्या.

देणें चुकतें केल्यावर दुसरा प्रश्न शांतपणें हातीं घेतां आला. दंतवैद्यांकडून तारीखवार बिल घेतलें. नोकरीच्या शेवटच्या दिवसापूर्वीं मोडकी दाढ काढली होती, क्ष-किरण झाला होता आणि एका दाढेचें रूट कॅनाल पुरें झालें होतें. हे मिळून ६,००० रुपये विमा चालू असतांनाचे होते. कागद मागाहून पाठविले म्हणून खर्च मागाहून झाला असें होत नाहीं. चिरंजीवांनीं कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्यांस तसें लिहिलें आणि दीड महिन्यानें ते ६,००० आले. पुढचा खर्च त्यांनीं नाकारला. करार पाहतां तो त्यांनीं नाकारणें आम्हांस गैर वाटलें नाहीं. आलेली रक्कम औषधपाण्याच्याच सदरांत जमा झाली.

दांतांस विमा इतका कां टाळतो, असा प्रश्न वाचक विचारतील. विमा हा मूळचा क्वचित् येणाऱ्या, अवचित आणि मोठ्या संकटासाठीं. घरास आग लागणें, जहाज बुडणें, हीं त्याचीं जुनीं उदाहरणें. दांतांचा खर्च याच्या उलट. तो थोडाफार सर्वांस लागतो, वारंवार लागतो, पुष्कळदां पुढें ढकलतां येतो. आणि ज्याची दाढ किडलेली आहे तोच आधीं विमा घेण्यास धांवतो. अशा ठिकाणीं विमा कंपनी एक तर हप्ता वाढविते नाहीं तर मर्यादा घालते. विलायतेंत १९४८ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा निघाली तेव्हां दांतांचे उपचार आणि कवळ्या फुकट होत्या. परंतु लोकांची इतकी रीघ लागली कीं १९५१ सालीं कवळ्यांस आणि १९५२ सालीं उपचारांस सरकारला शुल्क लावावें लागलें. अमेरिकेंत वृद्धांसाठीं १९६५ सालीं जी सरकारी ‘मेडिकेअर’ योजना झाली तिनें नेहमींचे दंतोपचार मुळांतच वगळले. तेथें दांतांचा विमा निराळा घ्यावा लागतो, आणि त्यासहि वर्षाची मर्यादा बहुधा हजार-दोन हजार डॉलरांची असते. तिकडे स्थायिक झालेलीं आपलीं कित्येक मराठी कुटुंबें सुटींत घरीं आलीं कीं दांतांचीं कामें उरकून घेतात, तें उगीच नव्हे.

तेव्हां आपल्या घरापुरतें काय करतां येईल? प्रथम, खुर्चींत बसण्यापूर्वीं सबंध उपचाराचा खर्च कागदावर मागून घ्यावा, आणि विम्यानें नाकारलें तर तो घराला झेपेल काय याचा विचार त्याच दिवशीं करावा. दुसरें, विमापत्रांतील फायद्यांचें पान जसें वाचतों तसें वगळलेल्या गोष्टींचेंहि वाचावें. समजलें नाहीं तर कंपनीस लेखी विचारावें. तिसरें, प्रत्येक भेटीचें बिल त्या त्या तारखेचें घेऊन लगेच पाठवावें. काम पुरें होईपर्यंत सांचवूं नये. चौथें, मुलगा नोकरी बदलणार असेल तर राजीनाम्यापूर्वींच आईवडिलांच्या विम्याचें काय, हें विचारावें. गटविमा सोडतांना त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यांत जाण्याची सोय असते. पण ती मागावी लागते, आणि दांतांचें जोडकलम तिच्यांत येईलच असें नाहीं.

मागणी अन्यायानें नाकारली गेली असें वाटल्यास स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. प्रथम कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्यांस लिहावें. महिनाभरांत उत्तर आलें नाहीं, किंवा आलेलें पटलें नाहीं, तर विमा लोकपालांकडे जातां येतें. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आंत अर्ज करावा. त्यास शुल्क नाहीं, वकील लागत नाहीं. पुण्यासहि लोकपालांची कचेरी आहे. मात्र हा न्याय मागत असतांना दंतवैद्यांस ताटकळत ठेवूं नये, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे उपचार थांबवूं नये. पैशाची खरीच अडचण असेल तर हप्ते मागण्यांत कमीपणा नाहीं. धुळ्यास दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अध्यापकांच्या देखरेखीखालीं विद्यार्थी काम करतात आणि खर्च बहुधा कमी येतो. फेऱ्या मात्र अधिक होतात.

एकत्र कुटुंबास आमची आणखी एक सूचना आहे. महिन्यास ५०० रुपये केवळ दांतांच्या नांवानें बाजूस ठेवले तर वर्षाचे ६,००० होतात. पांचसात माणसांच्या घरांत वर्षांतून कोणाची ना कोणाची दाढ निघतेच. त्या वेळीं कोणाच्या मुलाचा विमा, कोणाचा हप्ता, हा वाद काढावा लागत नाहीं. हें पैसे ज्या बायकांच्या हातीं घर चालतें त्यांच्याच नांवें असावे, असेंहि आम्हांस वाटतें. पुरुषाची दाढ दुखूं लागली कीं ती सगळ्या घरास ऐकूं येते. घरांतील वडीलधाऱ्या बाईची दाढ वर्षभर दुखत असते आणि ताटांतला कडक पदार्थ हळूच दुसऱ्याच्या ताटांत जातो, एवढीच तिची खूण.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मतो असें सांगितलें आहे. त्यांतील कोणतेंहि दुसऱ्याच्या नांवावर चढवितां येत नाहीं. दंतवैद्यांचें बिल हें त्यांमानानें फार लहान ऋण आहे. तें वेळेवर फेडून हक्काच्या पैशांसाठीं मागाहून भांडावें, हेंच शहाणपणाचें. पण हा लेख वाचून झाल्यावर विमापत्र शोधण्यास उठण्यापूर्वीं वाचकांनीं एक करावें. घरांतील सर्वांत वडील बाईस विचारावें कीं, तुमची एखादी दाढ दुखत तर नाहीं ना. आणि “छे, कांहीं नाहीं” असें उत्तर आलें तर तेवढ्यावर विश्वास ठेवूं नये.